दोन दारांची मोठी गाडी नेमकी कोणासाठी? आलिशान कूपे आणि खुल्या छताच्या गाड्यांचे आकर्षण व बाजार

गोदाकाठ (धागाकर्ता), छत्रपती संभाजीनगर

मर्सिडीज-बेंझने एस-क्लासची कूपे (उतरत्या छताची, दोन दारांची बंद गाडी) आणि खुल्या छताची कॅब्रिओले 2020 मध्ये बंद केली. सी आणि ई या दोन वर्गांतील दोन दारांच्या गाड्यांच्या जागी 2023 मध्ये सीएलई ही एकच गाडी आणली. रोल्स-रॉइसच्या रेथ आणि डॉन या दोन दारांच्या गाड्यांचे उत्पादन थांबले. बीएमडब्ल्यूची 8 सिरीज 2018 मध्ये थाटामाटात परतली, पण तिचाही खेळ आटोपत आला आहे. ज्या प्रकारच्या गाडीला या कंपन्या वर्षानुवर्षे डोक्यावर मिरवत होत्या, तोच प्रकार त्या एकेक करून गुंडाळत आहेत.

पाच मीटरच्या आसपास लांबीची गाडी बांधायची, तिच्यात चार दारांच्या सेडानपेक्षा कमी जागा द्यायची आणि किंमत मात्र सेडानपेक्षा जास्त घ्यायची, हा व्यवहार कागदावर आडमुठा दिसतो. माझ्या मते आकर्षण त्या आडमुठेपणातच आहे. जी गाडी पाहुण्यांना स्टेशनवरून आणायच्या कामाची नाही, लग्नाचे सामान वाहायच्या कामाची नाही आणि जिच्यात ड्रायव्हर ठेवून मागे बसण्यात काही अर्थ नाही, ती गाडी मालकाने केवळ स्वतःसाठी घेतलेली असते आणि ते बघणाऱ्याला लगेच कळते.

आता आपल्याकडे पाहा. ऑक्टोबर 2010 मध्ये आपल्या शहरात सुमारे दीडशे मर्सिडीज एकगठ्ठा घेतल्या गेल्या आणि सुमारे 65 कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. म्हणजे मराठवाड्यात पैसा नाही किंवा हौस नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही जालना रोडवर आज दोन दारांची मोठी गाडी दिसली तर लोक थांबून बघतात, इतकी ती दुर्मिळ आहे. या गाड्यांचे आकर्षण कशात आहे आणि ज्यांना परवडतात ते त्या का घेत नाहीत, हे मला एकाच प्रश्नाचे दोन भाग वाटतात. जाणकारांनी लिहावे.

जुनी_किल्ली, छत्रपती संभाजीनगर

मी वापरलेल्या महागड्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायात आहे, त्यामुळे दुसऱ्या भागाचे उत्तर मला रोज ऐकायला मिळते. साठ-सत्तर लाखांची गाडी बघायला आलेला ग्राहक मायलेज विचारत नाही, हे खरे आहे; पण तो हमखास विचारतो, "आई मागं कशी बसंल?"

एक प्रसंग सांगतो, कारण त्यात सगळे आले. जालन्याचे एक कुटुंब मोठी जर्मन कूपे बघायला आले होते. मुलाला गाडी इतकी आवडली होती की त्याने किंमत पाडून मागायचेसुद्धा टाळले. आई नऊवारीत होत्या. पुढची सीट वाकवून, ती विजेवर सावकाश पुढे सरकेपर्यंत त्या उभ्या राहिल्या, मग एक पाय आत टाकून पाहिला आणि तो परत बाहेर घेतला. शेवटी आई पुढच्या सीटवर बसल्या, सून मागे गेली, आणि सौदा तिथेच मोडला. गाडीत खोट काहीच नव्हती. घरातली बसण्याची रीत त्या दोन दारांत मावत नव्हती, एवढेच.

त्याच गाडीला चार दारे असती तर ती त्याच दिवशी गेली असती, हे मी खात्रीने सांगतो. बीएमडब्ल्यूनेही 2020 मध्ये भारतात 8 सिरीज आणली ती मुख्यतः चार दारांची ग्रॅन कूपे म्हणून. दोन दारांत फक्त अतिवेगवान एम8 ठेवली.

परभणीकर, सध्या पुणे

मी गाड्यांच्या सांगाड्यांच्या आरेखनात काम करतो. धागाकर्त्यांनी ज्याला आडमुठेपणा म्हटले आहे, त्याची अभियांत्रिकी बाजू थोडी सविस्तर मांडतो, कारण या गाड्यांच्या किमतीचे आणि मोहाचे अर्धे रहस्य तिथे आहे.

2014 मध्ये आलेली एस-क्लास कूपे घ्या. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर 2945 मिलिमीटर होते, तर त्याच पिढीच्या लांब सेडानचे 3165. म्हणजे बावीस सेंटीमीटर जागा कापून काढली आणि ती सगळी मागच्या प्रवाशाच्या पायांतून गेली. दारांना काचेभोवती चौकट नाही, आणि चारही काचा खाली केल्या की मध्ये खांबच दिसत नाही. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत एक अखंड मोकळी फट राहते. बघणाऱ्याचा जीव जिथे अडकतो ती ही फट आहे. ती मिळवण्यासाठी छताच्या कडा, मागचे खांब आणि उंबरठे, म्हणजे दाराखालचे लांब पोलादी खोके, इतके मजबूत करावे लागतात की गाडी दोन दारे कमी करूनही वजनाला हलकी होत नाही.

मधला खांब नसल्यामुळे सीटबेल्ट फार मागे राहतो आणि चालकाला खांदा पिरगाळून तो ओढावा लागतो. मर्सिडीजने 1981 च्या एसईसी कूपेत यावर तोड काढली. दार लावून चावी फिरवली की मागून एक बारीक दांडा पुढे येतो आणि पट्टा अक्षरशः खांद्याशी आणून देतो. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा दार उघडून पुन्हा लावून बघितले होते. उपयोग म्हणाल तर हातभर अंतराचा, पण ग्राहक ज्यासाठी दुप्पट पैसे मोजतो त्या वागणुकीचा तो नेमका नमुना आहे.

खुल्या गाडीचे दुखणे वेगळे. छत हा गाडीच्या खोक्याचा झाकणासारखा भाग असतो. तो काढला की खोके पिळले जाते. एक चाक खड्ड्यात गेले की पुढच्या काचेची चौकट थरथरते आणि आरसा हलतो. ते थांबवायला खालून तिरक्या पट्ट्या, जाड उंबरठे, काचेच्या खांबांत कठीण पोलादी नळ्या आणि उलटण्याच्या वेळी मागच्या सीटमागून उसळणारे आधार, हे सगळे घालावे लागते. त्यामुळे छत नसलेली गाडी छत असलेल्या गाडीपेक्षा जड असते. ज्यांना ही गोष्ट विनोदी वाटते त्यांनी एकदा खराब रस्त्यावर स्वस्त आणि महाग अशा दोन खुल्या गाड्या चालवून पाहाव्यात.

कोरडवाहू, बीड जिल्हा

वाचतो आहे. एक शंका. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि उरलेले वर्षभर धूळ. छत उघडायचे तरी कधी? आमच्याकडे पाऊस भरवशाचा नाही, हा खुल्या गाडीच्या दृष्टीने एवढा एकच फायदा दिसतो.

मोकळे_आकाश, नांदेड

कोरडवाहू दादा, युरोपात खुल्या गाड्यांच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठा जर्मनी आणि ब्रिटन या आहेत, आणि तिथे ढगांची काही कमतरता नाही. ऊन जिथे हक्काचे असते तिथे माणूस सावली शोधतो. छत उघडण्याची ओढ ऊन दुर्मिळ असते तिथे लागते. आपल्याकडे ती ओढ दुपारी लागणार नाही हे उघड आहे, पण दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतच्या संध्याकाळी आणि पहाटे यांचे काय?

मी दंतवैद्य आहे, दवाखाना माझा स्वतःचा आहे आणि मला दोन दारांचीच गाडी हवी आहे, म्हणून या धाग्यात मला रस आहे. वर ज्या सासूबाईंचा आणि सुनेचा किस्सा आला, त्यात मी सुनेच्या जागेवरून पाहते. आपल्या घरांत गाडी कोणाचीही असो, तिच्यातल्या जागा आधीच वाटलेल्या असतात: कोण पुढे, कोण मागे, कोणाच्या मांडीवर डबे. मोठी एसयूव्ही घेतली की ती आपोआप घराची होते आणि घराची झाली की ती कोण चालवणार हेही ठरून जाते. दोन दारांच्या गाडीत हा प्रश्नच उठत नाही. धागाकर्ते म्हणतात की ती गाडी मालकाने स्वतःसाठी घेतलेली असते. मी म्हणेन की बाईने घेतली तर हे विधान आणखी ठळक होते, आणि म्हणूनच कदाचित ती घ्यायला धीर लागतो.

राहिला रस्त्याचा प्रश्न. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, त्याचा बराच मोठा पट्टा जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो आणि गतिमर्यादा ताशी 120 आहे. लांब पल्ला एका दमात, न थकता कापण्यासाठीच तर मोठी कूपे जन्माला आली. असा रस्ता आपल्या दारात पहिल्यांदाच आला आहे.

जुनी_किल्ली, छत्रपती संभाजीनगर

ताई, रस्त्यापर्यंत पोचेस्तोवरचे गतिरोधक विसरू नका. काही गाड्यांत पुढची बाजू बटणाने उचलता येते, सगळ्यांत नाही.

हिशेबनीस, लातूर

मी कर सल्लागार आहे. आकर्षणावर माझ्याकडे सांगण्यासारखे फार नाही, पण बाजाराचा निम्मा निकाल सीमाशुल्कातच लागतो, तो आकड्यांत मांडते.

समजा, परदेशातून पूर्ण बांधलेली एक कूपे विमा आणि वाहतुकीसह 1 कोटी रुपयांना बंदरात उतरली. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पानंतर अशा महागड्या गाडीवर मूळ सीमाशुल्क 70 टक्के आणि कृषी पायाभूत विकास उपकर 40 टक्के, म्हणजे एकूण 110 टक्के बसतात. (वर उपकराच्या नावात कृषी आहे, हे कोरडवाहू यांनी लक्षात घ्यावे.) किंमत झाली 2 कोटी 10 लाख. त्यावर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी, म्हणजे 84 लाख. एकूण 2 कोटी 94 लाख. यात विक्रेत्याचा नफा नाही. महाराष्ट्रात आयात गाडीचा एकरकमी मोटार वाहन कर 20 टक्के असला तरी त्याला कमाल मर्यादा आहे, जी जुलै 2025 पासून 20 लाखांवरून 30 लाखांवर गेली, तेही धरा. एक कोटीची वस्तू अशी सव्वातीन कोटींवर जाते. कंपनीच्या नावावर घेतली तर जीएसटीची वजावट मिळेल, अशी अनेकांची समजूत असते. प्रवासी गाडीला ती सहसा मिळत नाही.

याउलट मोठ्या सेडान आणि एसयूव्ही सुट्या भागांत येतात आणि चाकणला किंवा आपल्या शेंद्र्याला जुळवल्या जातात, त्यामुळे त्यांच्यावरचे सीमाशुल्क पूर्ण गाडीच्या तुलनेत अगदी थोडे असते. वर्षाला मूठभर खपणाऱ्या कूपेसाठी कोणीही जुळणीची वेगळी व्यवस्था उभारणार नाही. खप नाही म्हणून जुळणी नाही, जुळणी नाही म्हणून भाव चढा आणि भाव चढा म्हणून खप नाही. परिणाम समोर आहे: मर्सिडीजने नोव्हेंबर 2016 मध्ये एस500 कॅब्रिओले भारतात आणली तेव्हा तिची किंमत सव्वादोन कोटी होती, आणि ऑगस्ट 2024 मध्ये आलेली, आकाराने बरीच लहान असलेली सीएलई 300 कॅब्रिओले 1 कोटी 10 लाखांना आली.

गोदाकाठ (धागाकर्ता)

हिशेबनीस ताईंचे गणित चोख आहे, पण कर हेच मुख्य कारण असते तर जिथे असा कर नाही तिथे या गाड्या तगायला हव्या होत्या. अमेरिकेचे उदाहरण बघू.

1970 च्या दशकात तिथे मोठी दोन दारांची गाडी ही चैन नव्हती, तर मध्यमवर्गाची सर्वसाधारण निवड होती. 1976 मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेली गाडी होती ओल्ड्समोबिल कटलास, आणि फोर्डने 1977 च्या मॉडेलच्या तीन लाखांहून अधिक थंडरबर्ड विकल्या. आज हे आकडे वाचून विश्वास बसत नाही. पुढे सेडान चालवायला चांगल्या झाल्या, दोन दारांच्या गाड्यांचा विमा महागला, मुले झालेल्या पिढीने आधी व्हॅन आणि मग एसयूव्ही घेतली, आणि थंडरबर्ड 1997 मध्ये, तर कॅडिलॅक एल्डोराडो 2002 मध्ये बंद पडली. तिथे ना 110 टक्के शुल्क होते, ना बसण्याची आपली रीत.

शेवटचा घाव मात्र घरच्याच माणसाने घातला. मर्सिडीजने 2004 मध्ये सीएलएस आणली: उतरते छत, बिनचौकटीच्या काचा, पण दारे चार. पाठोपाठ 2008 मध्ये बीएमडब्ल्यूची एक्स6 आली आणि तेच उतरते छत एसयूव्हीवर बसले. कूपेची आकृती हवी पण तिची गैरसोय नको, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाची सोय झाली. मला स्वतःला एक्स6 सारख्या गाड्या धड इकडच्या ना तिकडच्या वाटतात, पण खप त्यांच्या बाजूने आहे.

अर्थात मृत्युलेख लिहिण्याची घाई करू नये, असेही तोच इतिहास सांगतो. उलटण्याच्या सुरक्षेचे नियम कडक होतील या धास्तीने अमेरिकी कंपन्यांनी खुल्या गाड्या बंद केल्या आणि 1976 ची एल्डोराडो ही शेवटची अमेरिकी खुली गाडी म्हणून विकली गेली. अनेकांनी ठेव म्हणून ती घेऊन झाकून ठेवली. नियम तसे आलेच नाहीत, आणि 1984 मध्ये कॅडिलॅकने पुन्हा खुली एल्डोराडो बाजारात उतरवली. जुने खरेदीदार चिडून न्यायालयात गेले.

कोरडवाहू, बीड जिल्हा

अमेरिका कशाला, थारचेच बघा की. 2020 मध्ये महिंद्राने नवी थार आणली. दोन दारे आणि हवे असेल तर कापडी छत. आमच्या भागात प्रत्येक तालुक्याच्या होतकरू पुढाऱ्याने ती घेतली, कारण मिरवणुकीत तिच्यात उभे राहता येते. म्हणजे दोन दारांचे किंवा उघड्या छताचे इथे कोणाला वावडे नाही. पण 2024 मध्ये मागचे धरून पाच दारांची थार रॉक्स येताच जो तो तिच्याकडे वळला. नेत्यालाही घरी बायको-मुले असतात.

मिरवायला उंची लागते, हा दुसरा मुद्दा. तुमची दोन-तीन कोटींची खुली गाडी ट्रॅक्टरच्या चाकाएवढीही उंच नाही. तिच्यात बसलेला माणूस सगळ्या गावाला खाली दिसतो. ही गोष्ट आमच्याकडे कोण सहन करील?

मोकळे_आकाश, नांदेड

हैदराबादच्या सहाव्या निजामाला हे कळत होते. 1911 मध्ये त्याने रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट मागवली, पिवळी धमक, आणि तिच्यात मागे सिंहासनासारखी उंच बैठक करवून घेतली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता, तेव्हा ही आवड वारशाने आली असे म्हणायला हरकत नाही!

परभणीकर, सध्या पुणे

पुढे काय, यावर माझे मत. मधला थर, म्हणजे जो ग्राहक मोठी सेडान घेता घेता मन वळवून कूपे घेत असे, तो संपला आणि तो परत येणार नाही. वरचा थर शाबूत आहे. बेंटलीची काँटिनेंटल जीटी 2003 पासून चालू आहे. 2024 मध्ये बारा सिलिंडरचे इंजिन बंद झाले आणि त्या जागी 782 अश्वशक्तीचे आठ सिलिंडरचे संकरित (पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारे) यंत्र आले, पण दोन दारांचा सांगाडा कायम राहिला. रेथच्या जागी रोल्स-रॉइसने स्पेक्टर ही विजेवरची कूपे आणली. 5.45 मीटर लांब, वजन सुमारे तीन टन, बॅटरी 102 किलोवॅट-तास. विजेची मोटार या प्रकाराला स्वभावाने जुळते, कारण मोठ्या कूपेला आवाज नको असतो, नुसती न संपणारी ओढ हवी असते.

अशा गाडीत संख्या महत्त्वाची नसते. प्रत्येक गाडी गिऱ्हाइकाच्या रंगाने, कातड्याने, लाकडाने वेगळी करून दिली की नफा तिथून निघतो. हजारोंनी विकायच्या मर्सिडीजच्या कूपेला ते जमणे अवघड होते.

हिशेबनीस, लातूर

परभणीकरांना पुरवणी. स्पेक्टर जानेवारी 2024 मध्ये भारतात आली ती साडेसात कोटींना, पण विजेच्या गाडीला जीएसटी 5 टक्केच आहे. पेट्रोलवरच्या तशाच गाडीला तो 40 टक्के लागतो, म्हणजे या किमतीला फरक कोटींत जातो.

दुसरी बातमी ब्रिटनशी झालेल्या व्यापार कराराची. 24 जुलै 2025 रोजी त्यावर सह्या झाल्या. ठरावीक संख्येच्या मर्यादेत ब्रिटिश गाड्यांवरचे सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे, मात्र विजेच्या गाड्यांना पहिली काही वर्षे ही सवलत नाही. बेंटली क्रूमध्ये, रोल्स-रॉइस गुडवूडला आणि ॲस्टन मार्टिन गेडनला बांधली जाते. मालक जर्मन असला तरी फरक पडत नाही. तेव्हा मोठ्या कूपेचे भाव उतरलेच तर ते आधी ब्रिटिश पेट्रोल गाड्यांचे उतरतील.

जुनी_किल्ली, छत्रपती संभाजीनगर

भाव उतरले तर मुंबई, हैदराबादमध्ये हालचाल होईल. आपल्याकडे थेट नवी घेणारे थोडे. आपला बाजार दुसऱ्या हाताचा आणि लग्नात भाड्याने देण्याचा. खुल्या गाडीला लग्नसराईत चांगली मागणी असते, नवरदेव उभा राहण्याचा हट्ट धरतो आणि कापडी छताच्या कडेवर बूट ठेवतो. मग ती गाडी माझ्याकडे येते.

मोकळे_आकाश, नांदेड

किल्ली साहेब, मग नेमके विचारते. सात-आठ वर्षांची, कापडी छताची, चार जण बसतील अशी मर्सिडीज कॅब्रिओले पुण्याहून मिळते आहे. घ्यावी का? काय बघावे?

जुनी_किल्ली, छत्रपती संभाजीनगर

ताई, घ्या, पण दुपारी नको, सकाळी थंड असताना बघायला जा आणि मालकाला आधी छत उघडून ठेवू देऊ नका. स्वतः बटण दाबून पूर्ण उघडा, पूर्ण लावा, असे सलग दोनदा करा. मध्ये कुठे अडखळले, एक बाजू आधी आणि दुसरी मागून बसली, तर छत हलवणाऱ्या हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबाचा, पंप किंवा नळी गेली आहे. ते काम इकडे कोणी हातात घेत नाही. डिकीतले कापड उचलून कोपऱ्यांत बोट फिरवा, तेलकट लागले तर तिथूनच परत या.

मग छताच्या मुळाशी पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांत बाटलीभर पाणी ओता आणि ते गाडीखाली पडते का बघा. आपल्या काळ्या मातीची धूळ त्यांत बसली की जूनच्या पहिल्या पावसात पाणी मागच्या सीटखाली साचते, आणि तिथेच वायरिंग असते. नांदेडला आणल्यावर दर उन्हाळ्याच्या शेवटी त्या नळ्या साफ करून घ्या. रबराच्या पट्ट्यांना कंपनी सांगते तेच वंगण लावा. घरातले खोबरेल लावलेली एक गाडी मी पाहिली आहे, तिची पट्टी चिंगमसारखी ताणली जात होती.

किमतीत किमान एक संच टायर आणि छताचे एक मोठे काम धरून चला. आणि गाडी पार्किंगला लावताना दोन्ही बाजूंना हातभर जास्त जागा सोडा, ते दार फार लांब उघडते.